प्रकल्प : शेवटच्या नळाचं पाणी

निष्कर्ष

"आधी निष्कर्ष लिहून घ्या," भालके सर म्हणाले. "निष्कर्ष एकदा पक्का असला की आकडे त्याच्याजोगे गोळा होतात."

आम्ही सतरा जण पाचवीच्या मुलांच्या बाकांवर बसलो होतो. गुडघे बाकात मावत नव्हते. रविवार होता, शाळा बंद, आणि फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारचा पट अजून तसाच होता : एकूण ४२, हजर ३९. दूरशिक्षणाचा पर्यावरण पदविकेचा वर्ग वर्षातून सहा रविवार भरायचा. बाकी सगळं पोस्टानं येणाऱ्या पुस्तकांतून. माझ्या शेजारी एक ग्रामसेवक होते, मागं दोन अंगणवाडीच्या ताई, पुढं एक कंपाउंडर. सगळे नोकरीतले. सगळ्यांना कागद हवा होता.

"लिहा. सदर अभ्यासावरून असे दिसून येते की, परिस्थिती एकूण समाधानकारक आहे."

आम्ही लिहिलं. सदर अभ्यास अजून व्हायचा होता.

"सर, आणि समाधानकारक नसली तर?" एका ताईनं विचारलं.

"तर प्रकल्प लांबतो," सर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो.

हे मी सोळा वर्षांनी लिहितोय. प्रकल्प कसा लिहायचा हे त्या रविवारी शिकलो, दुसरी कुठली पद्धत मला येत नाही, म्हणून हेही त्याच कलमांत लिहितो. फक्त क्रम राहत नाही. क्रमानं लिहायला बसलो की उठतो, अंगणात जातो, परत येऊन भलतंच कलम उघडतो.

मी तेव्हा नगरपालिकेत कंत्राटी व्हॉल्व्हमन होतो. गावात माझं नाव 'पाणी सोडणारा उद्धव'. दर अकरा महिन्यांनी माझी नोकरी संपायची आणि दोन दिवसांनी पुन्हा सुरू व्हायची. सात वर्षं. पाणीपुरवठ्यात गुणवत्ता सहायकाची एक कायम जागा निघणार होती आणि तिला ही पदविका लागणार होती. मला ते संपणं एकदाचं संपवायचं होतं.

विषय घेतला गावच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. रोजच्या कामातलं. एका संध्याकाळी बसलो आणि तीस दिवसांचे तीस आकडे लिहून काढले. पॉइंट दोन, पॉइंट तीन, पॉइंट दोन. मधेच एक पॉइंट पंचवीस टाकला, खरं वाटावं म्हणून.

दुरुस्ती

पुढच्या रविवारी भालके सरांच्या ऐवजी देशमाने मॅडम आल्या. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या. प्रकल्प तपासायला त्यांना नेमलं होतं. माझी फाईल त्यांनी उभ्या उभ्याच चाळली आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्या गावाला पाणी किती दिवसांनी येतं?"

"चौथ्या दिवशी, मॅडम."

"सोडतं कोण?"

"मीच."

"मग तीस दिवसांत तीस आकडे कुठून आले? मधल्या तीन दिवसांचे नमुने कोरड्या नळाचे घेतलेत?"

ग्रामसेवकांनी रुमाल तोंडाला लावला. मला माझ्याच फाईलकडं बघवेना. सात वर्षं मी ज्या हातानं पाणी सोडत होतो, त्याच हातानं पाणी नसलेल्या दिवसांचे आकडे लिहिले होते आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

"ऑफिसच्या रजिस्टरलापण असंच असतंय, मॅडम," तोंडातून निसटलंच. "तीस रकाने छापलेले असतेत. रिकामा ठेवलेला चालत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बाहेर काढतील.

"रजिस्टरमधेपण?"

"हाव."

"उद्धवराव, मग हाच प्रकल्प करा की. रजिस्टर बाजूला ठेवा. तीन आठवडे देते. पाणी पाच वेळा येईल, पाच आकडे आणा. पण टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचे. कुठला आहे?"

"बुरुड गल्ली," मी म्हणालो. "नाल्याच्या पलीकडं."

"आणि खरं लिहा. तुमच्या तीस दिवसांत एकही वाईट दिवस नाही. असा महिना कुणाच्याच आयुष्यात येत नाही."

साहित्य आणि पद्धत

साहित्य : एक काचेची नळी. एक तपकिरी बाटली, तिच्यातलं औषध. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे चार थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. पांढरंच राहिलं तर नाही. लहान लेकरालाही जमेल असं काम. त्या कामाचं रजिस्टर होतं आणि त्यात घरमालकाची सही घ्यायची असायची. आम्ही ती महिन्याची एकदम घ्यायचो, म्हणजे लोकांना सारखा त्रास नको.

आम्ही म्हणजे मी आणि अप्पा.

बसलिंगअप्पा कायम नोकरीतले, तीस वर्षांचे जुने व्हॉल्व्हमन. येत्या एप्रिलात निवृत्त होणार होते. गावाखालच्या पाइपांचा नकाशा ऑफिसात होता, पण तो बघायला कुणी जायचं नाही. अप्पांना विचारायचं. अप्पा रस्त्यावर काठी आपटून सांगायचे, इथं खोद. तिथं पाइप निघायचा. मला चावी धरायला त्यांनी शिकवलं. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, खड्ड्यात सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दोघांनी मिळून फिरवायची. माझी पहिली मुदत संपली तेव्हा साहेबांच्या दारात उभं राहून मला परत घ्यायला लावलं तेही अप्पांनीच.

मी नळी आणि बाटली पिशवीत भरताना त्यांनी बघितलं.

"काय करलालास रे?"

"कॉलेजचं आहे, अप्पा. खरं खरं तपासून लिहायचंय."

"खरं खरं?" अप्पा मोठ्यानं हसले. "ह्या वयात? बायकोला सांगितलास का?"

"पाचच आकडे आहेत."

"कुठले?"

"बुरुड गल्लीचे."

अप्पा हसायचे थांबले नाहीत, पण हसू उगीच लांबलं. "तिथं काय बघतूस, टोपल्या? हिकडं मारुतीच्या पारापाशी बघ की. पाणी बी चांगलं, चहा बी मिळतो."

"मॅडमनी शेवटचा नळ सांगितलाय."

"मॅडमला काय माहीत शेवट कुठं असतो ते," अप्पा म्हणाले आणि चावी खांद्यावर टाकून पुढं चालू लागले.

निरीक्षणे

पाण्याची पहिली पाळी. सकाळी सव्वासात. गल्लीत दोन सार्वजनिक नळ, चाळीस घरं. पहिल्या नळापाशी शेवंताबाई बांबूच्या कामट्या काढत बसल्या होत्या. हे गल्लीतलं पहिलं घर, रजिस्टरला अंगठा त्यांचाच असायचा. मला बघून त्यांनी सवयीनं अंगठा पुढं केला.

"आज अंगठा नको, मावशी. पाणी पाहिजे."

"पाणी सोडणारालाच पाणी पाहिजे म्हणं," त्यांनी आत हाक दिली. "मीरा, बघ गं, हे काय म्हणतंय."

मीरा त्यांची लेक. बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता. बाहेर आली आणि माझ्या हातातली नळी घेऊन उजेडाकडं धरली. मी चार थेंब टाकले. आम्ही तिघं बघत बसलो.

"कुठला रंग यायचाय, भाऊ?"

"पिवळा."

"मग येईना कसा?"

रंग आला नाही. मी म्हणालो, औषध जुनं असेल.

दुसरी पाळी. नवीन बाटली. मारुतीच्या पारापाशी पिवळं, बाजारपेठेत पिवळं, शाळेपाशी फिकं पण पिवळं. बुरुड गल्लीत पांढरं. "तुमच्या कॉलेजात नापास झालं का आमचं पाणी?" मीरानं विचारलं. शेजारच्या घरातला एक जण म्हणाला, "आपलं पाणी गोरं आहे म्हणून सांग, त्याला हळद लागत नाही." सगळी गल्ली हसली.

तिसरी पाळी. दोन्ही नळ तपासले. दोन्ही पांढरे. पहिल्या पाच मिनिटांचं पाणी थोडं गढूळ होतं आणि त्याला वास होता. शेवंताबाई म्हणाल्या, पावसाळ्यात येतोच की, आम्ही पहिला हंडा टाकून देतो.

तिसऱ्या पाळीनंतर मला घरात बसवेना. जेवताना उठलो. बायको म्हणाली, परीक्षेचं एवढं टेन्शन घेऊ नका. मी ऑफिसात जाऊन नकाशा काढला. निळ्या कागदावरची पांढरी रेघ नाल्याच्या अलीकडं, मोरीच्या लहान पुलापाशी थांबत होती. पलीकडं काहीच नव्हतं. बुरुड गल्लीला नळ होते, नळाला पाणी होतं, आणि तिथं जाणारा पाइप कुठल्याच कागदावर नव्हता.

चौथी पाळी. पांढरं. निघताना मी शेवंताबाईंना म्हणालो, "मावशी, थोडे दिवस पाणी उकळून प्या."

त्यांनी कोयता थांबवला. "का रे? काय झालंय पाण्याला?"

"काही नाही. पावसाळा आहे, म्हणून."

"उकळायला जळण तू देतूस का? कामट्या जाळल्या तर विणू काय?"

हे वाक्य लिहून मी दोनदा उठलो. 'काही नाही.' मी असंच म्हणालो होतो.

अभ्यासाच्या मर्यादा

अप्पांना मी मोरीवर गाठलं. नाला भरून वाहत होता. मी नळी दाखवली नाही, बाटली दाखवली नाही, नुसतं नाल्याकडं बोट केलं.

"अप्पा, हितनं पाइप गेलाय."

"गेलाय."

"कुणी टाकला?"

"मी." अप्पा कठड्यावर बसले. "एकोणीस वर्षं झाली. त्या बायका कुठनं पाणी आणायच्या माहीत आहे का तुला? रेल्वेच्या चरातनं. हद्दीबाहेरची वस्ती म्हणून मंजुरी मिळंना. तीन साहेब बदलले, तीन अर्ज गेले. चवथ्या साहेबाची बायको बाळंत झाली, ते दोन दिवस रजेवर गेले. त्या दोन दिवसांत भंगारातले पाइप काढले, गल्लीतली सगळी माणसं लागली, नाल्याच्या बुडातनं पाइप टाकला आणि मोरीपाशी मेन लाइनला जोड दिला. दोन दिवसांत. परवानगी न्हाई, कागद न्हाई. साहेब आले तर पलीकडं पाणी चालू. बंद करायची छाती कुणाची झाली न्हाई."

"आता तो सडलाय, अप्पा."

"सडणारच की."

"पाणी बंद झालं की पाइप आत ओढतो. नाल्यातलं. तुम्हीच शिकवलंत मला."

अप्पांना हे माहीत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. त्यांनी ते बघायचं टाळलं होतं, इतकंच.

"लिहिलास का कुठं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"लिहिलास तर काय होतंय ऐक. साहेब पहिलं काम काय करील? जोड तोडील. बेकायदा आहे म्हणून. नवीन लाइन मंजूर करील का? करणार न्हाई. चाळीस घरं परत चराला जातील. माझी चौकशी लागंल, एप्रिलात पेन्शन हातात येणार न्हाई. आणि तुला विचारतील, सात वर्षं तू पाणी सोडत हुतास, तुला दिसलं न्हाई का? जागा निघणार आहे म्हणतूस ना?"

"मग लेकरांनी हेच प्यायचं?"

"मी तसं म्हणालो का?" अप्पा उठले. "नाला उतरू दे. दिवाळीला ऑफिस बंद असतंय. चार दिवस. प्लास्टिकचा पाइप मी बघून ठेवलाय. तू, मी आणि गल्लीतली पोरं. मोरीवरनं टाकू, नाल्याला लागणारच न्हाई असा. दिवाळीपर्यंत थांब, उद्धवा. दोन महिने."

"आणि तोवर?"

"एकोणीस वर्षं काय झालं न्हाई," अप्पा म्हणाले.

मी हो म्हणालो. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

उद्दिष्टे

पाचवी पाळी पांढरी.

मग मी दोन तक्ते केले. एकात पाचही रकान्यांत पॉइंट दोन. दुसऱ्यात पाचही रकान्यांत शून्य. दोन्ही स्वच्छ, पट्टीनं आखलेले. ते पुस्तकात ठेवले, पुस्तक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं, मग परत उघडलं. असं पाच-सहा दिवस चाललं. सायकलवरून जाताना मी मनातल्या मनात मॅडमशी बोलायचो, अप्पांशी बोलायचो आणि दोघांनाही पटवून द्यायचो. एकदा बोलता बोलता बाजारपेठेचा व्हॉल्व्ह उघडायचाच विसरलो आणि तासभर बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी शून्याचा तक्ता लावला. नुसता लावला नाही, सगळं लिहिलं. नाल्यातला पाइप, नकाशात नसलेली जोडणी, आत ओढलं जाणारं पाणी, रजिस्टरमधले खोटे रकाने. अप्पांचं नाव लिहिलं नाही, 'एका कर्मचाऱ्याने' असं लिहिलं. भालके सरांचा निष्कर्ष काढून टाकला आणि माझा घातला : 'सदर पाणी पिण्यास अयोग्य आहे. जोडणी तातडीने बदलणे आवश्यक आहे.' त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नकलून न काढता लिहिलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फाईल दिली. मॅडमनी ती तिथंच बसून सबंध वाचली, अर्धा तास. बाकीचे कंटाळून चहाला गेले. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी पाणी सोडणाऱ्याकडं बघत नाही. मग एकच प्रश्न विचारला. तीच माझी तोंडी परीक्षा. तो प्रश्न पुढं येईल. मी उत्तर दिलं, त्या खूश झाल्या, शेवटच्या पानावर चार ओळी लिहिल्या, फाईल मिटली आणि गठ्ठ्यात ठेवली.

बाहेर आलो तर इतकं हलकं वाटलं की सायकलवर न चढता ती हातात धरून चालत गेलो. अप्पांना दिलेला शब्द पाळला होता, साहेबांपर्यंत काही नेलं नव्हतं. आणि खरं तर लिहून टाकलं होतं. दोन्ही एकदम जमलं होतं.

फाईल अभ्यासकेंद्रातल्या, म्हणजे त्या शाळेतल्या, लोखंडी कपाटात गेली. त्या कपाटात आजवर कुणी काही शोधायला गेलं असेल असं मला वाटत नाही.

परिशिष्ट

सव्वीस सप्टेंबरला बुरुड गल्लीत काविळीचा पहिला रुग्ण. दसऱ्यापर्यंत एकोणीस. अठरा जण बरे झाले.

मीराला आठवा लागला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. गरोदरपणात ही कावीळ वेगळी वागते, असं तिथल्या डॉक्टरांनी शेवंताबाईंना समजावून सांगितलं. चौथ्या दिवशी ती गेली. पोटातलं बाळही.

आरोग्य खात्याची माणसं आली, नाल्यात उतरली. त्यांना शोधावं लागलं नाही. अप्पा आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी जोड स्वतः तोडला होता, सडका पाइप काठावर ओढून ठेवला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, हा मी टाकला, मी टाकला.

अप्पांची पेन्शन नऊ वर्षं अडकली. सुटली तेव्हा ते नव्हते.

गल्लीला सहा महिने टँकर होता, मग मंजुरी येऊन नवीन लाइन झाली. ती नकाशावर आहे. मीच काढलेली आहे. ती जागा मला मिळाली, मी अजून त्याच ऑफिसात आहे, खुर्चीवर. रजिस्टरचे तीस रकाने मी बदलून पाळीप्रमाणे आठ केले, एवढा एक बदल माझ्या नावावर आहे. शेवंताबाई रस्त्यात भेटल्या तर पाण्याची वेळ विचारतात. दुसरं काही विचारत नाहीत.

तोंडी परीक्षा

मीरा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेलो. भालके सर कपाटासमोर गठ्ठे बांधत होते.

"सर, माझी फाईल पाहिजे."

"मार्क वर पाठवलेत. आता कशाला?"

"दाखवायचीय."

"ने बाबा, तेवढीच जागा होईल," ते म्हणाले आणि गठ्ठ्यातून ओढून दिली. सुतळीनं बांधलेली होती. वाटेत मी ती सोडली नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं.

मुख्याधिकारी साहेबांच्या केबिनमध्ये अप्पा टेबलासमोर उभे होते. खुर्ची रिकामी होती पण ते बसले नव्हते. साहेब नवीन, तरुण, तीन रात्री झोपले नसावेत असे डोळे.

"ये. तू ह्यांच्याबरोबरचा ना? तुला ह्या पाइपाची माहिती होती?"

"न्हवती साहेब," अप्पाच बोलले. "त्याला कशी असंल? हे झालं तवा ते शाळेत होतं. कुणालाच न्हवती. मी एकटा."

साहेब लिहून घेऊ लागले. मी गप्प राहिलो असतो तर तेवढ्यावर संपलं असतं. पण तीन दिवस मला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की मी तसा नव्हे. मी लिहिलं होतं. मी फाईल टेबलावर ठेवली आणि सुतळी सोडली.

साहेबांनी आधी वरवर चाळली. मग सावकाश. पाइपाच्या पानावर थांबले. तक्त्यावर थांबले. लाल रेघेवर बोट ठेवलं.

"हे केव्हा लिहिलंस?"

"सप्टेंबरचा पहिला आठवडा, साहेब."

"म्हणजे साथ यायच्या तीन आठवडे आधी."

"हो."

अप्पा फाईलकडं बघत होते. त्यांना वाचता यायचं, पण इतक्या लांबून नाही. तरी त्यांना कळलं. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून मी जे त्यांना सांगितलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

साहेबांनी शेवटचं पान उलटलं आणि मॅडमचा शेरा मोठ्यानं वाचला. "'अत्यंत प्रामाणिक काम. ही गंभीर बाब विद्यार्थ्याने नगरपालिकेस लेखी कळवली आहे, हे विशेष उल्लेखनीय. शंभरपैकी शहाऐंशी.'"

मॅडमनी मला विचारलेला प्रश्न हाच होता. हे तुम्ही नगरपालिकेला कळवलंत ना, उद्धवराव? आणि मी म्हणालो होतो, हो मॅडम, लेखी. विचार करायलासुद्धा थांबलो नव्हतो. त्या उत्तराला किती मार्क होते ते त्यांनी वेगळं लिहिलेलं नाही.

"कुणाला कळवलंस?" साहेबांनी विचारलं. "मला तर काही आलेलं नाही. कधी दिलास अर्ज? आवकची वही मागवू का?"

त्यांनी बेल वाजवली. शिपाई आत आला. "आवकची वही आण. सप्टेंबरची."

शिपाई वळला. वहीत काही नव्हतं. ते शिपायाला माहीत नव्हतं, साहेबांना माहीत नव्हतं. त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"थांब रे," अप्पा शिपायाला म्हणाले. मग साहेबांकडं वळले. "वहीत न्हाई सापडायचं, साहेब. कागद त्यानं माझ्याजवळ दिला होता, वर द्या म्हणून. कंत्राटी माणूस, थेट तुमच्याकडं कसा येणार? मी फाडून टाकला. एप्रिलात सुटायचं होतं मला."

साहेबांचा पेन थांबला. त्यांनी अप्पांकडं बघितलं, बराच वेळ, आणि त्या बघण्यात आता थोडीसुद्धा दया राहिली नव्हती. मग ते माझ्याकडं वळले.

"असं झालं का? ह्यांना दिला होतास?"

शिपाई दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा होता. अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते टेबलाच्या कडेकडं बघत होते.

"हो साहेब," मी म्हणालो. "दिला होता."

साहेब लिहू लागले. अप्पांनी किंचित मान हलवली. व्हॉल्व्हची चावी शेवटच्या आट्यापर्यंत आली, आता आणखी जोर लावू नकोस, हे सांगायला खड्ड्याच्या काठावरून ते अशी मान हलवायचे.